सहावी ब

रविवार, सव्वासहा. नोव्हेंबरातली थंडी.
बगिच्याच्या मागच्या फाटकाला कुलूप,
आणि किल्लीवाला चौकीदार
अजून मानकापूरहून निघालेला नाही.
आम्ही सहा जण, तीन सब्बली,
घरडेबाईंच्या स्कूटीवर पाण्याच्या चार कॅन
आणि नोंदवही.
"भिंतीवरून जाऊ ना बे," पराते म्हणतो.
पराते बासष्टचा. गुडघ्याला पट्टा.
जातो मात्र.

आत टेकडी, म्हणजे सुबाभूळ.
इतकी दाट की खाली गवताची काडी नाही,
तितराची हाक नाही,
नुसत्या वाळक्या शेंगा खुळखुळतात.

उपटायची रीत असते.
बोटाएवढी असली तर दोन्ही हातांनी, सरळ वर.
मनगटाएवढीला सब्बल.
मांडीएवढी झाली की कापून भागत नाही,
महिन्याभरात एकीच्या आठ उभ्या.
साल सोलत सोलत मातीखाली उतरावं लागतं,
आणि मग दर पंधरवड्याला चक्कर,
उधारी बुडवणाऱ्याच्या दारात घालावी तशी.

फिरायला आलेले एक गृहस्थ थांबतात.
पांढरे बूट, कानात वायर.
"काहून तोडून राहिले झाडं? कंप्लेंट करीन."
निदा अन्सारी हातमोजे काढून
त्यांना शांतपणे सगळं सांगते :
हे इथलं नाही, इथला धावडा, इथली मोईन,
हिंगणबेट, चार.
"हिरवं ते हिरवं," ते म्हणतात.

मी मान खाली घालून खणत राहतो.
ते वाक्य माझ्या ओळखीचं आहे.

एकोणीसशे शहाऐंशी. सहावी ब.
शाळेने ट्रकात बसवून इथंच आणलं होतं.
प्रत्येकाला एक पुडी, चपट्या तपकिरी बिया,
आणि एक घोषणा, जी आता आठवत नाही.
गुडघाभर कुसळी होती, पिवळी, मोज्यांना टोचणारी,
बोरीच्या जाळ्या, मधेच एखादा वाकडा पळस.
"ओसाड," सर म्हणाले.
आम्ही वहीत लिहिलं : ओसाड.
मग मुठी भरभरून फेकल्या.
सगळ्यात लांब माझी गेली.
त्याबद्दल मला एक पेन मिळालं.

हे मी यांच्यातल्या कोणालाच सांगितलेलं नाही.

वच्छला उईके इथं झाडलोट करते.
रविवारी सुट्टी, तरी येते,
आमच्यावर लक्ष ठेवायला, असं तीच म्हणते.
मागे आम्ही एक झुडूप उपटलं,
मुळासकट, फोटोसकट.
"बाप्पा," ती म्हणाली, "लोखंडी होती ना ते."
पुढे काहीच बोलली नाही.
लाकूड वाळवून, तासून
तिने परात्याला काठी करून दिली.
भिंतीवरून आधी ती काठी पलीकडे पडते,
मग पराते.

घरडेबाई वाकून वाकून ओळी तपासतात.
गेल्या साली दोनशे चाळीस लावली होती.
मे महिना झाला मधे, नागपूरचा मे.
वहीत लिहिलंय :
मेलं. मेलं. शंका. मेलं. कोणीतरी बकरी सोडली.
मेलं. पालवी?
त्या प्रश्नचिन्हापुढे आज त्या
अर्धी कॅन ओततात.

साडेनऊला चौकीदार येतो
आणि कुलूप उघडतो,
आम्हाला बाहेर सोडायला.

रात्री पलंगावर बसून मोजे उलटे करतो.
पहिल्या वर्षी साफ केलेल्या तुकड्यातून जाताना
अडकलेली कुसळं.
तिथे आम्ही काही लावलं नव्हतं.
नुसती वाट मोकळी केली होती.
एकेक ओढून काढतो, चिमट्याने,
बायको विचारते, "फेकू का?"
"नको," म्हणतो, "असू दे."
लाईटबिलाच्या पाकिटात ठेवतो.
एक बोटात रुतलेलं राहतं.
ते काही निघत नाही.