मुक्कामाचा उद्देश

दाभोळच्या धक्क्यावर माझं झेरॉक्सचं दुकान.
पीकविमा, पॅन कार्ड, बोटीच्या परवान्याचं नूतनीकरण.
कतारचे, कुवेतचे फॉर्म तर मी
भजी खात खात भरतो.
पण झुलेखाबी सारंग आल्या त्या ओहोटी उरकून,
मुळ्यांची पाटी पायरीवर टेकवून,
आणि म्हणाल्या, अँटवर्प.

किती दिवस?
आठ. त्यातले दोन जाण्यायेण्यात.

कमी मुदतीचा व्हिसा, मी सांगितलं,
एकशेऐंशी दिवसांत नव्वद दिवस राहता येतं.
नव्वद दिवस काय करू रे तिथे?
बोलणारं माणूस नाही.

मग यादी वाचली.
फोटो नवा, मागे पांढरा पडदा,
डोक्यावर ओढणी चालेल, हसू चालणार नाही.
पासपोर्ट परतल्यावरही तीन महिने जिवंत हवा.
बँकेचं स्टेटमेंट. त्यांच्या पासबुकात
एकच पाहुणा फिरून फिरून येतो:
व्याज, रुपये सत्तावीस.
मुळ्यांचे पैसे डब्यात असतात, तांदळाखाली.
तांदळावर शिक्का कोण मारणार?

बोटांचे ठसे, मुंबईला जाऊन.
मी त्यांची बोटं पाहिली, पाहिली नाहीत असं केलं.
शिंपल्यांनी रेघा कधीच घासून नेल्यात;
रेशनचं मशीन दर महिन्याला म्हणतं,
तुम्ही तुम्ही नाही.

परत येण्याचा पुरावा, मी वाचलं.
म्हणजे?
म्हणजे तुम्ही तिथेच राहणार नाही, हे कशावरून.
धोपाव्याची फेरीबोट धक्क्याला लागत होती.
एक बाई, दोन बकऱ्या, एक नवी मोटरसायकल उतरली,
कुणी कुणाला काही विचारलं नाही.
“राहणारे राहिले,” त्या म्हणाल्या, “मी कशाला राहू?”
हे इंग्रजीत कसं लिहायचं ते मला सुचलं नाही.
मी घरपट्टीची पावती जोडली.

विमा तीस हजार युरोंचा. मी पॉलिसी उलटून
महत्त्वाचं तेवढं सांगत होतो: आजारपण, दवाखाना,
आणि मृत्यू झाल्यास
पार्थिव मायदेशी आणण्याचा खर्च कंपनीकडे.
पंख्याखाली कागद फडफडत होते, त्यांनी हात ठेवला.
पुन्हा वाच.
मी पुन्हा वाचलं.
“पंच्याण्णव साली हा कागद नव्हता?”
मी म्हटलं, ते खलाशी होते, ते वेगळं असतं.
वेगळं कसं, ते मलाही ठाऊक नाही.
त्यांनी मान हलवली, जशी गिऱ्हाईक
पाच रुपये कमी देऊन गेल्यावर हलवतात.

मग ओच्यातून पत्र काढलं.
भाच्याने मोबाईलवर उलटवून घेतलेलं:
वाफा ई, रांग चौदा, क्रमांक सहा.
तीस वर्षांची मुदत नोव्हेंबरात संपते.
कुणी आलं नाही तर जागा दुसऱ्याला.

मी पुष्कळ वेळ पत्राची झेरॉक्स काढत राहिलो.
एकाची गरज होती, चार निघाल्या.

प्रवासाचा उद्देश: पर्यटन, व्यवसाय, नातेवाईकांची भेट,
क्रीडा, उपचार, इतर.
‘इतर’पुढे छोटी चौकट असते, मी तिथे जाणार होतो.
त्या म्हणाल्या, वरचं लाव. भेट.

भेटीला यजमान लागतो. नाव: अब्दुल गफूर सारंग.
अर्जदाराशी नातं: पती.
पत्ता: वाफा ई, रांग चौदा, सहा.
हे खोडावं लागणार, मला माहीत होतं.
यजमानाच्या रकान्यात भाच्याच्या ओळखीचं कुणी घालू,
नाहीतर हॉटेल. तरी बोटं टाईप करत गेली.
जन्मतारीख विचारली.
अकरा मार्च, एक्कावन्न.

फॉर्म आपला आपण हिशोब करतो.
शेजारच्या रकान्यात आकडा उमटला: चौऱ्याहत्तर.

झुलेखाबी चष्मा पुसून स्क्रीनजवळ वाकल्या.
“म्हातारे झाले,” म्हणाल्या,
आणि फोटोत चालत नाही ते हसल्या.