चौकोनी पाइप

फ्लेक्स घेतला तर एक उन्हाळा धरा.
लाल आधी जातो, मग पिवळा,
निळा तेवढा मागं राहतो,
म्हणून तर उदगीरच्या चौकात
मागच्या वर्षीचे वाढदिवसवाले सगळे
थंडीत कुडकुडल्यासारखे दिसतात.
सनबोर्ड दुकानाच्या आत ठीक,
बाहेर लावलात की पोट फुगतं त्याचं.
एसीपीच्या कडा सील करून घ्या, नाहीतर
आपल्या मे महिन्यात तो वहीसारखा उघडतो.
पत्र्याला गंज मधून लागत नाही कधी,
भोकापासून लागतो. म्हणून आधी भोकं,
मग प्रायमर, मग रंग.

हे मी गिऱ्हाइकाला एका दमात सांगतो,
अब्बा सांगायचे त्याच चालीत.
त्यांच्या वेळी नुसता इनॅमल होता, खारीच्या केसांचा ब्रश,
आणि मराठी, उर्दू, कानडी एकाच हाताला.

ती ऐकत उभी होती. शेवंता राठोड,
आशा वर्कर, खांद्याला लसींची पेटी.
ग्रॅनाइटचाच द्या, म्हणाली, तो जात नाही ना कधी?
म्हटलं, दगड जात नाही, पण रात्री
साठच्या स्पीडनं दगड वाचतो कोण?
जरा थांबली.
रात्रीचंच वाचायचंय, म्हणाली.

काय लिहू?
धेनू नाईक तांडा. आणि एक बाण.

एकशे आठची गाडी पुढं गेली होती,
पार पुलाच्या पलीकडं.
ड्रायव्हर फोनवर विचारत होता कुठून वळू,
अन् मी बॅटरी घेऊन रस्त्याकडं पळूलाले.
एवढंच बोलली. मग भाव विचारला.

मी कॅटलॉग मिटला.
ॲल्युमिनियम सगळ्यात चांगला, म्हटलं, म्हणूनच घेऊ नका,
भंगारात त्याला किलोचा भाव आहे,
महिनाभरात पातेलं होऊन जाईल कुणाचं तरी.
जीआय पत्रा घ्या. वर रेडियम, हायवेला असतं तसलं,
मोबाइलच्या दुकानातलं नको, त्याचा पापड होतो.
नट-बोल्ट नको, पान्यानं निघतात. रिवेट मारू.
आणि पाइप चौकोनी.
गोल पाइपवर वारा बोर्ड फिरवतो.
मीच लावला होता एका मंगल कार्यालयाचा,
वावटळीनं बाण फिरवला
आणि अर्धं वऱ्हाड वीटभट्टीवर जाऊन बसलं.

ती हसली. पदर तोंडाला लावून, पण हसली.

खाली आडवी सळई, अडीच फूट काँक्रीट.
आणि बोर्ड दोन्हीकडून लागेल,
देगलूरकडून येणाऱ्याला तुमचा तांडा उजवीकडं,
उदगीरकडून येणाऱ्याला डावीकडं.

पैसे वर्गणीचे होते, दहा-दहाच्या नोटा,
रबर लावलेले. टोळ्या कारखान्याला जायच्या आत
उभा राहायला हवा होता.
कायमचा ना? तिनं जाताना विचारलं.
बिलबुकावर माझ्या छापलंय, दहा वर्षं गॅरंटी.
पण त्या रस्त्याच्या झाडांवर
नंबर पडलेत पांढऱ्या चुन्याचे, मी पाहिलेत.
म्हटलं, रस्ता रुंद होईल तेव्हा जेसीबी येईल.
तोवर?
तोवर हलणार नाही.
तिला ते पटलं असावं, पावती न घेता गेली.

गुरुवारी लावला. रात्री जेवून
एकटाच गेलो मोटारसायकलवर, बघायला.
दोनशे फुटांवरून पेटला बोर्ड, दिव्यासारखा,
बाण तर कुणी हाताला धरून न्यावं तसा.
मला तिकडं काही काम नव्हतं, तरी वळलो.
कुत्री भुंकली. परत फिरलो.

आणि तेव्हा वाचलं नीट:
धेनू नाईक ताडा.
वरचा अनुस्वार कायमचा राहावा म्हणून
स्टिकर न लावता मी तिथं रिवेट मारला होता.
तो तेवढा अंधारात दिसत नाही.
उद्या रेडियमचा एक ठिपका कापून न्यायचा.
दोन. मागच्या बाजूलाही तेच केलंय.