गोल्फ क्लब मैदान, पावणेसहा

निकुंभांच्या मॅलिनॉयनं सोफा संपवला,
आता दाराची चौकट चालू आहे.
तेजल सांगते, आमचा मध्यरात्री उशीवर चेंडू ठेवतो
आणि बघत राहतो. नुसता बघत.
आम्ही हसतो, घाम पुसतो.
कुत्री दमलेली नाहीत.

माझी रेवा, बॉर्डर कॉली, तिसऱ्या मजल्यावर
चपला गोळा करते एका कोपऱ्यात,
एक कमी पडली
की बायकोच्या पायांभोवती घिरट्या.

परवा मखमलाबाद रस्त्याला मेंढरं आडवी आली.
रेवा पोटावर बसली. पट्टा ढिला,
श्वाससुद्धा जपून.
मेंढरांमागची बाई थांबली :
"कामाचं जनावर हाय. कामाला का न्हाई लावत?"

प्रेसमधून रिटायर होऊन दीड वर्ष झालं
हे मी सांगितलं नाही.
म्हणालो, चेंडू टाकतो ना
रोज.