गांगुर्डे मुद्रितं तपासतात

रविवार कारंजावरून निघालेले माझे गठ्ठे
सिटी बसमध्ये कुणाच्या तरी मांडीवर बसून
जेलरोडला जातात.
सार्वजनिक वित्त, सहाशे बारा पानं.
वारसाहक्काचा कायदा, टिपांसकट.
एक समीक्षा, जिच्यात शब्दांपेक्षा कंस जास्त,
आणि एक सडपातळ, लिहावे कसे यावर.
मी नुसती अक्षरं जुळवते.
वाचतात ते गांगुर्डे.

साडेचौतीस वर्षं नाशिकरोडला, नोटांच्या छापखान्यात.
तावावर ताव उजेडाकडे धरायचा,
शाई फुटलेला, धागा सरकलेला, आकडा लंगडा
बाजूला काढायचा,
आणि भोंगा झाला की अंग झाडून दाखवायचं फाटकावर.
निवृत्तीनंतर डोळ्यांना काम उरेना
म्हणून आले माझ्याकडे.
पानामागे काय देता? विचारलं.
सांगितलं, तर हसले.
त्यांच्या एका पाळीत
माझी अख्खी गल्ली विकत आली असती.

"पैसा म्हणजे काय" याला एकोणसत्तर पानं लागलीत.
समासात त्यांची शिसपेन्सिल:
आम्ही तो ओला असताना पाहिलाय.
वास येतो. हे कुठेच आलेलं नाही.
मी ते खोडलं. लेखक मोठे आहेत, चिडतात.

समीक्षेच्या पानावर फक्त एवढंच:
हे वाक्य दुसऱ्या सरांच्या पुस्तकातही होतं, मार्चमध्ये.
मग फोनवर म्हणाले,
एका नंबरच्या दोन नोटा सापडल्या की आमच्याकडे चौकशी बसायची,
तुमच्याकडे बहुतेक पीएच.डी. देतात.

कायद्याला मात्र ते जपून हात लावतात.
"देईल" आणि "देऊ शकेल"
यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत
माणसं पिढ्यान्‌पिढ्या भाडं न देता राहतात, म्हणतात.
काना, मात्रा, ऱ्हस्व, दीर्घ,
सगळं पट्टी लावून. चहासुद्धा
पानांपासून हातभर लांब.

डिसेंबरात, काच पुसली तरी धूसर राहते त्या दिवसांत,
प्रकरण अकरा परत आलं. हक्कसोडपत्र.
नमुन्यात लिहिलेलं, बहिणीने
स्वखुशीने, कोणत्याही मोबदल्याशिवाय.
"स्वखुशीने"भोवती वर्तुळ.
बाजूला: मूळ प्रत पाहावी.

मी पाहिली. शब्द होता.
व दुसरा, ख पहिली उकार, श दुसरी वेलांटी...
नाही, चुकले, शु पहिला. असो. बरोबर होता.
दुसरं मुद्रित पाठवलं.
परत तेच वर्तुळ, जरा जोरात,
कागद मागून उमटलेला.
मूळ प्रत पाहावी.

फोन केला. काका, शब्द बरोबर आहे.
शब्द बरोबर आहे हो, म्हणाले,
सही मी घेतली होती.
मग बराच वेळ नुसता रस्ता ऐकू येत राहिला,
त्यांच्या बाजूचा, एक रिक्षा, एक कुकरची शिट्टी.
ठकूबाई, म्हणाले. मडकीजांबला दिलेली.
दीड एकर होती.
तिने विचारलंसुद्धा नाही, कुठे करू अंगठा,
बोट पुढे केलं.

यावर काय खूण करतात मला माहीत नव्हतं.
खोडायची खूण आहे, जोडायची आहे,
दोन अक्षरांची जागा बदलायची आहे.
मी म्हटलं, सावकाश पाठवा.

तिसरं मुद्रित संक्रांतीनंतर आलं.
वित्त चोख. समीक्षेतले कंस मिटलेले.
लिहावे कसे, त्यातलं शेवट कसा करावा हे प्रकरण
आडव्या रेघेने निम्मं केलेलं.
कायद्याच्या अकराव्या प्रकरणात
वर्तुळ रबराने पुसलेलं, पूर्ण पुसलं न गेलेलं,
आणि खूण म्हणून ठेवलेली
एसटीची दोन तिकिटं, ज्येष्ठ नागरिक, अर्धी.
एक जायचं.
एक यायचं, तीन दिवसांनंतरच्या तारखेचं.