एकदा तरी

बर्गनच्या मत्स्यखात्याच्या तळघरात
पुठ्ठ्याच्या खोक्यात सापडला तो प्रोग्रॅम.
सन एकोणीसशे एकाहत्तर, फोरट्रान,
हिरव्या पट्ट्यांच्या कागदावर छापलेला,
कडेला पेन्सिलीने: ‘हात लावू नये. ओ.’

माझं काम सोपं होतं.
जुना हिशेब नव्या भाषेत आणायचा
आणि एकही आकडा हलू द्यायचा नाही.

हलला.
वार्ड्यो बंदर, नऊ फेब्रुवारी,
वादळ, तारेत स्पष्ट लिहिलेलं: शून्य होड्या.
माझी बेरीज म्हणाली, शून्य.
जुनी म्हणत होती,
होडी एक, कॉड तीनशे चाळीस किलो.

दोन दिवस मी माझ्याच चुका चाळल्या.
तिसऱ्या दिवशी ‘ओ’चा फोन नंबर शोधला.

ओड्लाऊग, वय एकोणऐंशी.
आधी हसली, मग म्हणाली,
फोनवर नाही, ये, वॅफल करते.

‘आमचं लूप दारात कुणाला अडवत नसे.
आत ये म्हणायचं, बस, जेवून घे,
आणि हात धुताना विचारायचं,
बरं, तुला बोलावलं होतं का रे कुणी?
एकपासून शून्यापर्यंत मोज म्हटलं,
तरी एकदा मोजल्याशिवाय सोडायचं नाही.’

मी सांगितलं, आता तसं नाही.
पास्कलमध्ये ‘अनटिल’ पायथ्याशी लिहितात,
चढून गेल्यावर कळावं तिकीट होतं की नाही, तसं.
सी-मध्ये ‘डू’ आहे,
शेवटच्या ‘व्हाइल’नंतर एक अर्धविराम,
जो माझ्याकडून हमखास राहतो.
आणि पायथनकडे तर हा शब्दच नाही.
कायम फिरत राहीन अशी शपथ घ्यायची
आणि मनासारखं झालं की
खिडकीतून उडी.

‘शपथ मोडायची सोय शपथेच्या आतच,’
ती म्हणाली. ‘बरंय की.’
तपकिरी चीज खवणीवर सरकत होतं.

पण मासळी आली कुठून?

‘आदल्या दिवशीची. खण पुसायला मी विसरले होते.
पहिल्या खणात कालची पहिली होडी
तशीच पडून.’

कालची पहिली होडी.
घरी येऊन मी यादी काढली असती,
पण तिला पाठच होतं:
हावदिस, नांगर सकाळी सहा-चाळीसला,
आठ तारखेला बंदरात सगळ्यांच्या आधी,
त्याच रात्री पुन्हा बाहेर.
त्यानंतर तिच्या नावाची तार नाही.

‘तुमचं कुणी होतं तिच्यावर?’
‘छे गं. मी वार्ड्यो पाहिलेलंसुद्धा नाही.
मला फक्त आकडे यायचे.’

चूक तिला मार्चमध्ये सापडली होती.
एक ओळ पुरे होती,
आत जाण्याआधी विचार, शून्य आहे का.
तिनं ती लिहिली. कार्ड पंच केलं.
गठ्ठ्यात घातलं.
मग काढून घेतलं.

पाककृतींच्या वहीत, वॅफलच्या पानावर,
ते कार्ड अजून खूण म्हणून आहे,
लोण्याचा डाग पडून पारदर्शक झालेलं,
चौकोनी भोकांतून ‘साखर, दोन चमचे’ दिसतं.
का काढलं, ते मी विचारलं.
तिनं दुसरं वॅफल वाढलं
आणि गरम आहे, जपून, म्हणाली.

खात्याला मी शून्य पाठवलं.
शून्य खरं होतं, आणि पगार त्याचाच.

पण मूळ फाइलीत, एका बटणाच्या आड,
जुनं वळण जसंच्या तसं ठेवलंय:
कायमची शपथ, मध्ये काम,
अगदी शेवटच्या ओळीला उडी.
वर ‘हात लावू नये’, आणि पुढे
दोन अक्षरं, एक तिचं, एक माझं.

कधी उशिरापर्यंत थांबले तर चालवून बघते.
स्क्रीनवर नऊ फेब्रुवारी येते,
वादळ, रिकामा धक्का,
आणि हावदिस आत शिरते,
तीनशे चाळीस किलो उतरवते,
आणि मगच कुणीतरी विचारतं,
होडी होती का.