अर्थाची वायर

कुंद्याच्या रिकाम्या डब्यात
अकरा कंडेन्सर पडलेत, करंगळीच्या पेराएवढे.
प्रत्येकाच्या पोटावर खिळ्यानं ओरखडलेली तारीख.
पहिला दिवाळीच्या आधीचा,
शेवटचा आजचा, अजून कोमट.

गाडी विल्माबाईंच्या वडलांची.
दोनच सीटं, लाल रंग, कापडी छत,
नंबरप्लेटवर अजून जुन्या राज्याची अक्षरं.
बाई कॅम्पातल्या शाळेत गणित शिकवायच्या,
त्यामुळं तक्रारसुद्धा मोजूनमापून :
"जांबोटी सोडली की चौथ्या किलोमीटरला.
चढ संपतो, मी पाय हलका करते,
ती एकदा खोकते. मग गप्प."

मी दोन क्लिपा सोडतो, डिस्ट्रिब्युटरची टोपी काढतो,
रोटर उचलून उजेडात धरतो,
सीबी पॉइंटात गेज घालतो : पंधरा थाऊ, बरोबर.
मग जुना कंडेन्सर बाहेर, नवा आत.
सेल्फ मारला की पहिल्या फटक्याला चालू.
बाई पैसे देतात. मी घेतो.

असं अकरा वेळा.

आधी म्हटलं मुंबईचा माल वाईट,
मग कोइमतूरचा. एकदा तर
भंगारातल्या अँबेसेडरचा काढून घातला,
चाळीस वर्षं चाललेला, म्हातारा, भरवशाचा.
तोही जांबोटीच्या पुढं गेला नाही.

उस्ताद किल्लेदार म्हणायचे,
एकच पार्ट तिसऱ्यांदा मेला
तर पार्ट खाली ठेव, स्वतःकडं बघ.
मी अकराव्यापर्यंत वाट बघितली.

रात्री उद्यमबागेतली लेथ बंद झाल्यावर
बैलहोंगलचा मल्लेश, आठ महिन्यांचा शागीर्द,
डबा घेऊन बसला.
"काय शोधूल्यास रे?"
"मेलेत म्हणून कुणी बघितलंय काय, अण्णा?"
एकेकाला बॅटरीवर चार्ज केलं,
वायरीचं टोक त्याच्याच पोटाला टेकवलं.
टक्.
निळी, बारीक, मुंगीएवढी ठिणगी.
दुसरा. टक्.
मी मोजायचं सोडून दिलं.
अकराच्या अकरा जिवंत.

मग टेस्टचा बल्ब घेतला.
एक टोक बॅटरीला, दुसरं पॉइंटाच्या प्लेटीला.
लागला. लागणारच.
"व्हॅक्यूमची नळी तोंडात धर," मी म्हटलं, "आणि ओढ."
मल्लेशनं उसाचा रस ओढावा तशी ओढली,
प्लेट जराशी फिरली
आणि बल्ब विझला.
होतु, तो नळी सोडून म्हणाला,
तेवढ्यात परत लागला : बंतु.

दोन इंचांची सुती कपड्यातली वायर,
प्लेट आणि बॉडीच्या मधली.
वरून धडधाकट, साधी चुणीसुद्धा नाही.
आत तांबं कधीच तुटलेलं.
दर वेळी कंडेन्सर बदलताना
माझं बोट तिला लागायचं,
तुटकी टोकं एकमेकांना भेटायची
आणि मी हात पुसत म्हणायचो, झालं बाई.

आमच्यात तिला अर्थाची वायर म्हणतात.
मागं एका लॅम्ब्रेटाच्या कार्डावर
"अर्थ लागत नाही" असं मी लिहिलेलं,
ते वाचून अष्टेकर मास्तर
चहा सांडेपर्यंत हसले होते.

नवी वायर कुठून आणायची?
शहापूरच्या मंडळाचा फाटका स्पीकर होता कोपऱ्यात.
पडद्याला जोडलेली त्याची मऊ वेणी कापून घेतली.
जन्मभर थरथरलेली. हिला सवय असणार.
झाळ मारली, फुंकर घातली.

आज जांबोटी मागं पडली.
मी शेजारच्या सीटवर, मांडीवर कुंद्याचा डबा,
चौथ्या किलोमीटरचा दगड येतोय.
चढ संपला. बाईंनी पाय हलका केला.
मी श्वास धरून.
खोकली नाही.

तेव्हा सगळं सांगितलं, डबा उघडून दाखवला.
त्यांनी रस्त्यावरची नजर काढली नाही.
"अकरा गुणिले साडेतीनशे," म्हणाल्या,
आणि उत्तर न सांगताच
वळणावर गिअर खाली घेतला.