धुराडं

भाताला धुराचा वास येतो, हे पहिल्यांदा
येसू म्हणाला. भंडारी म्हणून नवाच लागला होता,
डहाणूकडचा पोर.
आम्ही हसलो. म्हटलं, डिझेलच्या बोटीवर
भाताला काय मोगऱ्याचा वास येणार?

तिसऱ्या पहाटे तो हाकेला ओ देईना.
इंजिनखणात, उबेला, जाळ्याच्या ढिगावर झोपलेला.
वर वाऱ्यात ओढून आणला तेव्हा ओकला,
मग रडला, मग आईला नाही,
कुठल्याशा शेळीला हाका मारल्या.

झाकणं सताड उघडी टाकून मी टॉर्च घेऊन उतरलो.
मॅनिफोल्डच्या वर, वीतभर अंतरावर,
जिथे पाइप मान वळवतो,
तिथल्या फळीवर काजळीचा पंखा उमटलेला.
हात धरला. कुणी कानात बोलताना लागतो
तसा गरम श्वास लागला.

वेसाव्याला येऊन सगळा पाइप उतरवला
आणि टेम्पोत घालून दारूखान्यात नेला.
जब्बारनं छिन्नी लावली.
आधी निघाला तेलाच्या डब्याचा पत्रा,
त्यावरचं सूर्यफूल अर्धं अजून पिवळं.
हे माझं काम, गेल्या दिवाळीचं.
त्याखाली एम-सील, शिळ्या भाकरीगत मोडणारं. तेही माझंच.
त्याखाली पांढरी दोरी, फेऱ्यांवर फेरे,
आणि टोकाला जाळ्याची गाठ.
लोखंडाला जाळ्याची गाठ
आमच्या बापाशिवाय कोण मारणार?
'इसमें पाइप किधर है, तांडेल?' जब्बार म्हणाला.

बाप डोक्याला फडकं बांधूनच धक्क्यावर उतरायचा.
कपाळ ठणकतं म्हणायचा. आई म्हणायची, ढोस अजून.
आम्ही पोरं बाटल्या लपवायचो.
शेवटची दोन वर्षं तर तो पीतही नव्हता.
फडकं मात्र होतं.
हे मला आठवलं भंगाराच्या वजनकाट्याशेजारी,
जब्बार काहीतरी भाव सांगत असताना.

मोडलेल्या कुठल्या जहाजाचा पाइप, जाड,
आतून हात फिरवला तरी बोटं कोरी.
साडेचार हजार. फ्लँजचे वेगळे.
भोकं दोन सूत जुळेनात,
कानस घेऊन सबंध दुपार घासत बसलो.
बोल्ट समोरासमोरचे आवळायचे, एकेक आटा,
एकाच बाजूनं ओढलं की दुसरीकडे तोंड उघडतं,
हे बापानंच शिकवलेलं.
इंजिन मारलं, जोडाभोवती उदबत्ती फिरवली.
धूर न थरथरता सरळ वर गेला.
'पूजा चाललीय काय?' भाऊ वरून ओरडला.

येसूचा निरोप आला होता:
येतो, पण वर झोपेन.

ती फेरी करून खाडीच्या तोंडाशी शिरलो,
तर धक्क्यावर भानू नाही.
वीस वर्षं तिला आमचं इंजिन लांबून कळायचं,
दर चौथ्या ठोक्याला दम लागलेलं.
ते ऐकलं की चुलीवरचं तसंच टाकून टोपल्या घेऊन निघायची.
मावरं उतरलं, बर्फ पाणी धरायला लागला,
तेव्हा आली धापा टाकत.
'दुसऱ्या कुणाची वाटली,' म्हणाली.
एका हातात टोपली,
आणि दुसऱ्या हातात, सवयीनं आणलेली,
बामची बाटली.